चिटणीस, फडणीस आणि मंडळी

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. शाळेच्या दाखल्यावर त्याचे आडनाव ‘फडणीस’, वडिलांच्या जमिनीच्या कागदावर ‘फडणवीस’. दोन्ही माणसे एकाच घरातली आहेत हे सिद्ध करा, असे एका कचेरीने त्याला सांगितले होते. जाता जाता त्याने हळूच विचारले, “सर, म्हणजे आम्ही नाना फडणवीसांच्यातलेच ना?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, दुसऱ्याचे देताना मला जरा जड गेले.

या आडनावांच्या शेपटाशी जे ‘नीस’ आहे ते फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. पत्रे लिही तो चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिही तो पोतनीस, फारसी पत्रव्यवहार पाही तो पारसनीस, पागेची नोंद ठेवी तो पागनीस. किल्ल्यावर शिपायांची हजेरी सबनिसाकडे, तर दाणागोटा, दारूगोळा कारखानिसाकडे. हा ‘कारखानीस’ मोठा गमतीचा आहे. कारखाना आणि नवीस यांचे दोन ‘न’ एकापुढे एक आले, आणि आपल्या जिभेने त्यातला एक सरळ गिळून टाकला!

‘नवीस’चे ‘नीस’ झाले तेही असेच, रोजच्या बोलण्यात झिजून. मधला ‘व’ बोलताना कोण सांभाळत बसतो? सही-शिक्क्याच्या कागदात तो टिकला, आणि काही घराण्यांनी तो मुद्दाम जपला. नागपूरकडचे चिटणवीस हे त्याचे ठळक उदाहरण.

आता ‘न’ की ‘ण’? मूळ शब्दात ‘न’च आहे. पण चिटणीस, फडणीस यांत आधी ‘ट’ किंवा ‘ड’ येतो, जीभ टाळूकडे वळलेली असते, ती तिथेच राहून ‘ण’ म्हणते. पोतनीस, सबनीस, पारसनीस यांत तसे काही नाही, म्हणून तिथे ‘न’ शाबूत राहिला. ‘चिटनीस’ लिहिणारी घरेही आहेत, त्यांना चूक म्हणण्याचे कारण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल तर जुने दफ्तर मोडीत, आणि मोडी लिहिणारा त्या भानगडीत पडतच नसे. पुढे इंग्रजी अमलात ‘फ’साठी कोणी ‘पी-एच’ लिहिले, कोणी ‘एफ’, आणि सख्खे चुलतभाऊ कागदावर परके झाले.

‘फडणीस’ मात्र थोडा वादाचा शब्द आहे. कोणी म्हणतात, फड म्हणजे कचेरी, तिथला लिहिणारा तो फडणीस. दुसरे म्हणतात, मूळ ‘फर्दनवीस’. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, याद. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात ‘फर्नवीस’ असे वाचता येईल अशा स्पेलिंगने नाव दिले आहे, त्याचा आधार पुष्कळ जण घेतात. पण इंग्रजी कानाला आपला ‘ड’ पुष्कळदा ‘र’ ऐकू येतो, तेव्हा हा साक्षीदार फारसा भरवशाचा नाही. माझा कल तरीही ‘फर्द’कडेच आहे. या माणसाचे काम कचेरीत बसण्याचे नव्हे, कागद राखण्याचे होते.

एक विसंगती सांगितलीच पाहिजे. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवछत्रपतींनी पदांना संस्कृत नावे दिली. वाकनीस मंत्री झाला, सुरनीस सचिव झाला, राजव्यवहारकोशही तयार झाला. तरी आडनावे म्हणून लोकांनी पत्करली ती जास्त करून जुनीच. हुकूम पदाला लागू पडला, पण गावात हाक ज्या नावाने पडायची तिने पडतच राहिली.

आता विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न. नानांचे नाव बाळाजी जनार्दन, मूळ आडनाव भानू, गाव कोकणातले वेळास. फडणिशी हा त्यांचा हुद्दा. पण फडणीस काही पुण्याच्या दरबारात एकच नव्हता. सुभ्यांतून, महालांतून, सरदारांच्या पदरी निरनिराळे फडणीस होते, आणि प्रत्येकाच्या वंशजांना तेच आडनाव मिळाले. चिटणीसही तसेच. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते, आणि ब्राह्मण चिटणीसही आहेत. म्हणून आडनाव ऐकून जात, गोत्र किंवा नाते ठरवू पाहणारा हटकून फसतो. हे नाव फार तर इतके सांगते की या घरातला कोणी एके काळी बोरू घेऊन बसला होता. कुठे आणि कोणाच्या चाकरीत, हे सनदेवरून कळते.

त्या मुलाला मी घरातले मोडी कागद घेऊन यायला सांगितले. आठवड्याने तो एक जीर्ण रुमाल घेऊन आला. एकाच कागदात, एकाच हाताने, वर ‘फडणवीस’ आणि खाली ‘फडणीस’ लिहिले होते. त्याची नक्कल आणि भाषांतर करून त्याने कचेरीत दिले, आणि ते मान्य झाले. नानांचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. कागद एका लहानशा महालाचा होता, आणि त्याच्या पणजोबांच्या पणजोबांनी तिथला वसूल लिहून ठेवला होता. तो कागद त्याने आता काचेत लावून ठेवला आहे.