लोंबत्या दऱ्यांचे धबधबे

भूगोलात हिमनदीच्या कार्याचा धडा असतो. हिमगव्हर, गिरिशृंग, हिमोढ अशा शब्दांच्या रांगेत ‘लोंबती दरी’ हा शब्द येतो. मुले आकृती काढतात, नावे देतात आणि गुण मिळवतात. महाराष्ट्रात हिमनदी नाही, त्यामुळे शिकवणाऱ्यापुढेही ती आकृतीच असते. माझेही तसेच होते. ती आकृती मी प्रत्यक्षात पाहिली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, मे महिन्यात, एका बसच्या खिडकीतून.

योसेमिटीची दरी सुमारे अकरा किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे जवळजवळ उभे कडे, मध्ये सपाट तळ आणि त्यातून संथ वाहणारी मर्सेड नदी. आश्चर्य वाटते ते कड्यांवरून पडणाऱ्या उपनद्यांचे. ब्रायडलव्हेल धबधबा 189 मीटर उंचीवरून पडतो. योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत मिळून 739 मीटर खाली येतो. उपनदी साधारणपणे मुख्य नदीला तिच्याच पातळीवर येऊन मिळते. येथे मात्र उपनद्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या कडेला उंचावर तुटल्यासारख्या संपतात. असे का? या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकात एक मोठा वाद झाला.

या दरीत अवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर गोऱ्यांची गर्दी झाली आणि 1851 मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी या लोकांना हुसकावण्यासाठी दरीत शिरली. चारच वर्षांनी, 1855 मध्ये, जेम्स हचिंग्ज पहिल्या प्रवाशांना घेऊन आला. 1864 मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्यात आली. तेव्हा घोड्याच्या पाठीवरूनच येथे यावे लागे. 1874 मध्ये घोडागाड्यांचे रस्ते पोहोचले, 1907 मध्ये दरीच्या पायथ्याच्या गावापर्यंत रेल्वे आली आणि 1913 मध्ये मोटारींना परवानगी मिळाली. पुढे मोटारींची गर्दी इतकी झाली, की 1970 मध्ये दरीत मोफत बस सुरू करावी लागली. वाहने बदलत गेली, पण बहुतेक प्रवासी तळावर उभे राहून मान वर करून धबधबे पाहत आणि परत जात.

जोसाया व्हिटनी हे कॅलिफोर्नियाचे अधिकृत भूशास्त्रज्ञ होते आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे मत असे, की एका प्रचंड भूहालचालीत दरीचा तळच खाली खचला. हे मत आज विचित्र वाटेल, पण त्यामागचे निरीक्षण नीट होते. नदीने दरी कोरली असेल तर ती इतकी रुंद आणि सपाट कशी? कडे कोसळून मागे सरले असतील तर पायथ्याशी दगडांचे ढीग का नाहीत? एवढा खडक गेला कुठे? प्रश्न अचूक होता, उत्तर चुकले.

जॉन म्यूर 1868 मध्ये योसेमिटीत आला. जन्म स्कॉटलंडचा, विद्यापीठात शिकलेला, पण पदवी न घेतलेला. पुढच्या उन्हाळ्यात तो मेंढ्यांच्या कळपाबरोबर वरच्या डोंगरांत हिंडला आणि नंतर हचिंग्जच्या लाकूड गिरणीत कामाला लागला. रिकाम्या वेळात पाठीवर थोडा पाव घेऊन तो कडे चढून वर जाई. तेथे त्याला आरशासारखे गुळगुळीत झालेले ग्रॅनाइट, त्यावरचे समांतर ओरखडे आणि हिमोढांच्या रांगा दिसल्या. 1871 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लेख लिहून त्याने सांगितले, की ही दरी हिमनद्यांनी कोरली आहे. व्हिटनींनी त्याला अडाणी मेंढपाळ ठरवून बाजूला सारले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोसेफ लकाँट मात्र 1870 मध्ये त्याच्याबरोबर डोंगरांत हिंडले होते. त्यांनी त्याचे म्हणणे गांभीर्याने घेतले.

म्यूरने पुढे केलेला प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. दरीच्या वर, मॅक्लूर शिखराच्या कुशीत त्याला बर्फ साठलेला दिसला होता. हा नुसता साठलेला बर्फ की वाहणारी हिमनदी? ऑगस्ट 1872 मध्ये त्याने बर्फावर आडव्या सरळ रेषेत काठ्या रोवल्या. ओळंबा होता दगडाला बांधलेला घोड्याचा केस! 46 दिवसांनी पाहिले, तेव्हा काठाजवळची पहिली काठी 11 इंच पुढे सरकली होती, दुसरी 18, तिसरी 34 आणि मध्याजवळची चौथी 47 इंच. म्हणजे मध्यावर दिवसाला सुमारे एक इंच. बर्फ वाहत होता, आणि नदीप्रमाणेच काठाशी हळू, मध्यावर वेगाने.

म्हणजे म्यूर पूर्ण बरोबर होता का? तसेही नाही. त्याने सारे श्रेय बर्फालाच दिले. फ्रान्स्वा मॅथेस यांनी आधी दरीचा बारकाईने नकाशा तयार केला, मग वर्षानुवर्षे अभ्यास करून 1930 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले, की सिएरा नेवाडा पर्वत उचलला गेला तेव्हा मर्सेड नदीचा उतार वाढला आणि तिने आपले पात्र झपाट्याने खोल केले. लहान उपनद्यांना ते जमले नाही आणि त्या वर लोंबत राहिल्या. नंतर मुख्य दरीतल्या जाड हिमनदीने तिला आणखी खोल आणि रुंद केले. आधी पाणी, मग बर्फ, असे दोघांनी मिळून हे धबधबे घडवले.

व्हिटनींच्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. खडक हिमनदीने वाहून नेला होता. 1930 च्या दशकात भूकंपलहरींच्या साहाय्याने दरीचा तळ तपासला गेला. मूळ खडक काही ठिकाणी गाळाखाली सुमारे 600 मीटर खोल आहे. पाणी वाहताना एवढा खोलगट खड्डा कोरून पुन्हा चढ चढू शकत नाही, बर्फ ते करू शकतो. हिमनदी वितळल्यावर तेथे तळे झाले, ते गाळाने भरले आणि सपाट तळ तयार झाला.

धबधब्यांचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. आपल्या सह्याद्रीतले धबधबे ऑगस्टमध्ये भरात असतात. योसेमिटी धबधबा त्याच सुमारास अनेकदा कोरडा पडतो. त्याचे पाणी वितळणाऱ्या बर्फाचे, आणि वरचा प्रदेश उघड्या ग्रॅनाइटचा. पाणी धरून ठेवायला माती फारशी नाही.

म्यूरचा प्रयोग अलीकडे पुन्हा करण्यात आला. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. मॅक्लूर हिमनदी अजून जवळजवळ त्याच वेगाने सरकत होती. पण शेजारची, तिच्यापेक्षा मोठी असलेली लायेल हिमनदी थांबली होती. बर्फ इतका पातळ झाला होता, की स्वतःच्या वजनाने सरकणेही त्याला शक्य उरले नव्हते. न वाहणाऱ्या बर्फाला हिमनदी कसे म्हणायचे? दीडशे वर्षांपूर्वी म्यूरने विचारलेला प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि या वेळी उत्तर उलटे आले.

लोंबती दरी शिकवताना फळ्यावर 11, 18, 34, 47 हे चार आकडे लिहावेत आणि मुलांना आलेख काढू द्यावा. काठी मध्याकडे जाईल तशी जास्त का सरकली, हे त्यांनाच विचारावे. गावच्या ओढ्यात पानांच्या होड्या सोडलेल्या मुलांना उत्तर सापडायला वेळ लागणार नाही.