कोल्हापूरचे मुस्लिम बोर्डिंग आणि आजचा मार्गदर्शक अध्यापक

प्रस्तुत लेखात मुस्लिम मुलांसाठी झालेल्या एका जुन्या शैक्षणिक प्रयत्नाचा, आजच्या समुदाय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. हा प्रयत्न कोल्हापुरात झाला. परंतु त्याचा एक धागा हुबळी-धारवाड मार्गावरील आपल्या उणकलच्या शेजारी, धारवाडात सापडतो.

राजर्षी शाहू महाराजांचे शिक्षण १८९० ते १८९४ या काळात धारवाडला झाले. स्टुअर्ट फ्रेझर हे त्यांचे शिक्षक. रघुनाथ व्यंकाजी सबनीस हेही तेथे शिकवीत आणि पुढे तेच कोल्हापूरचे दिवाण झाले. मोजके विद्यार्थी, शिक्षकांचा रोजचा सहवास आणि अभ्यासप्रवास असे त्या शिक्षणाचे स्वरूप होते. राजपुत्राला अशी सोय सहज मिळाली. खेड्यातील गरीब मुलाला ती कोण देणार, हा खरा प्रश्न होता.

खेड्यातील मुलगा शहरात आला, तर प्रथम राहण्या-जेवण्याचीच अडचण पडे. म्हणून महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम समाज शिक्षणात मागे असल्याचे १८८२ च्या हंटर आयोगाने आधीच नोंदविले होते. कोल्हापुरात १९०६ साली महाराजांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व अध्यक्षपद त्यांनी स्वतः स्वीकारले. याच सोसायटीतून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. विद्यार्थ्याला छप्पर व जेवण तर मिळालेच. शिवाय शिकणाऱ्या मुलांची सोबत आणि चौकशी करणारे वडीलधारे माणूसही मिळाले.

एक शतकानंतर, २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार, नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे मुस्लिम विद्यार्थी केवळ एक होता. २०११ च्या जनगणनेत मुस्लिम लोकसंख्या १४.२ टक्के होती. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मात्र त्यांचा वाटा सुमारे ४.९ टक्केच दिसतो. गॅरेज, गवंडीकाम किंवा दुकान यांतील रोजची कमाई मुलाला वर्गाबाहेर ओढते, हे आपण सारे पाहतो.

नॅक मूल्यांकनामुळे मार्गदर्शक अध्यापकांच्या नोंदवह्या बहुतेक महाविद्यालयांत तयार झाल्या. त्या आवश्यकच आहेत. परंतु वहीत नाव असणे म्हणजे सोबत असणे नव्हे. सलग चार दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जाणे, मालकाशी बोलून त्याच्या कामाची वेळ बदलून घेणे, शिष्यवृत्तीचा अर्ज शेजारी बसून भरून घेणे, ही कामे वहीत मावत नाहीत. बोर्डिंगमध्ये ती सहवासातूनच होत असत. आज प्रत्येक ठिकाणी वसतिगृह बांधणे शक्य नाही. तथापि एका अध्यापकाकडे दहा-पंधरा मुले कायम सोपविली आणि त्या कामासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवले, तर त्या बोर्डिंगचे निम्मे काम वर्गातूनच साधेल, असे म्हणता येईल.