काळ्या मोटारीवरील वर्तुळें

१९१४ ते १९२५ या काळांत फोर्डची ‘मॉडेल टी’ काळ्या रंगांतच मिळे. १९२३ च्या सुमारास ड्यूपॉन्टच्या ‘ड्युको’ लॅकरनें रंग सुकण्याचा वेळ दिवसांवरून तासांवर आणला. मात्र त्याला चकाकी आणावयाची ती घासूनच. तेव्हांपासून पॉलिशची निवड कळीची ठरली. खरबरीत पॉलिश रंगाचा थरच खातें, मेण ओरखडे नुसते झांकतें.

भिवंडी यंत्रमागांचें शहर. चिंध्यांना तेथें काय तोटा! पण जुन्या आग्रा रस्त्याची धूळ कोरड्या चिंधीनें पुसली कीं बारीक चरे उमटतात. ते असतात आडवेतिडवेच. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. पांढऱ्या मोटारीवर ते लपतात, काळीवर नाहीं. आधीं पाण्यानें धूळ सोडवावी, मग सौम्य पॉलिश एका कोपऱ्यावर लावून पाहावें. तेवढ्यानें भागलें तर खरबरीत डबा उघडूंच नये.