ओबरआमरगाऊचा नवस

नाट्यगृहाचा हंगाम म्हणजे एरवी काही महिन्यांचा मामला. एक संपतो न संपतो तोच दुसऱ्याच्या जाहिराती झळकू लागतात. परंतु एक हंगाम संपल्यावर पुढच्यासाठी प्रेक्षकांना दहा वर्षे वाट पाहावी लागते, असेही एक रंगपीठ ख्रिस्ती जगात आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी, लाकडावरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेले ओबरआमरगाऊ हे ते गाव. प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाटक या गावाने २०२२ साली बेचाळिसाव्या हंगामात सादर केले. नियमाप्रमाणे पुढचा हंगाम २०३० मध्ये यावयाचा आहे. त्याकडे पाहण्यापूर्वी मागे वळून या परंपरेचा इतिहास समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या नाटकाचा उगम एका नवसात आहे. तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप उद्ध्वस्त झाला होता आणि सैन्यांच्या मागोमाग प्लेग गावोगाव फिरत होता. ओबरआमरगाऊने वेशीवर पहारे बसवले होते. गावची कथा सांगते की परगावी मोलमजुरी करणारा कास्पर शिस्लर घरच्या ओढीने पहारा चुकवून गावात शिरला आणि त्याच्याबरोबर साथही शिरली. सुमारे ऐंशी माणसे दगावली. तेव्हा १६३३ साली गावच्या प्रमुखांनी देवाला नवस केला की साथ थांबली तर दर दहा वर्षांनी आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करू. त्यानंतर एकही बळी गेला नाही, अशी गावाची श्रद्धा आहे. १६३४ साली प्लेगने मेलेल्यांच्या कबरींवरच मंच उभारून पहिला प्रयोग झाला. पुढे १६८० पासून दशकाच्या आरंभीचे वर्ष ठरून गेले.

नवस बोलणे सोपे, फेडणे अवघड, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. या गावालाही पुष्कळ अडथळे आले. १७७० साली राज्यकर्त्यांनी बव्हेरियातील सर्वच दुःखसहन-नाटकांवर बंदी घातली. एवढ्या थोर गूढाला रंगभूमीवर आणणे अनुचित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८११ साली एटाल मठातील बेनेडिक्टाइन संन्यासी ओथमार वाइस यांनी नवी गद्य संहिता लिहून दिली आणि गावातील शिक्षक रोखुस डेडलर यांनी तिला संगीत दिले. १८६० साली धर्मगुरू आलोइस डाइझेनबेर्गर यांनी ती संहिता पुन्हा तपासली. १८७० चा हंगाम युद्धामुळे अर्ध्यावर थांबला व १८७१ मध्ये पुरा झाला. पहिल्या महायुद्धामुळे १९२० चा १९२२ वर गेला. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० चा हंगाम झालाच नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे नाटक दोन वर्षे पुढे ढकलावे लागले. साथीतून जन्मलेला नवस साथीनेच अडवला.

नवसाची खरी कसोटी मात्र या अडथळ्यांत लागली नाही. ती नाटकाच्या आतच दडलेली होती.

पिढ्यान्‌पिढ्या या रंगमंचावर यहुदी याजक शिंगांच्या आकाराच्या टोप्या घालून वावरत. पिलात हा परिस्थितीपुढे हतबल झालेला भला माणूस, आणि येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर व आपल्या मुलाबाळांवर घेणारा जमाव म्हणजे अवघी यहुदी जात, असा अर्थ प्रेक्षकाच्या मनात सहज ठसे. गावकरी भाविक होते. आपण द्वेष पेरतो आहोत असे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसावे. परंतु १९३४ साली, त्रिशताब्दीच्या हंगामात, हिटलर या नाटकाला आला आणि १९४२ साली, यहुद्यांचा संहार चालू असताना, त्याने याच नाटकाची यहुदीद्वेषाच्या दृष्टीने वाखाणणी केली. ज्या क्रूसाने वैऱ्यांनाही क्षमा केली, त्याच क्रूसाचे नाटक एका खुनशी राजवटीला सोयीचे वाटावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा आएताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लादता येणार नाही, आजच्या यहुद्यांवर तर नाहीच. तरीही १९७० चा हंगाम जवळजवळ जुन्याच संहितेवर झाला आणि यहुदी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. १९७७ साली फर्डिनांड रोझनर यांच्या अठराव्या शतकातील संहितेचा प्रयोग करून पाहिला गेला, पण गावाने तो स्वीकारला नाही. पूर्वजांनी केले तसेच करणे म्हणजे नवस पाळणे, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती. तिची थट्टा करणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपल्याही घराण्यांत अशी समजूत आहेच.

१९९० पासून चित्र पालटू लागले. तिशीही न गाठलेल्या क्रिस्टियान श्ट्युकल यांच्याकडे दिग्दर्शन आले. त्याच वर्षी न्यायालयाच्या निर्णयाने विवाहित व पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना रंगमंच खुला झाला. पुढच्या हंगामांत शिंगांच्या टोप्या गेल्या, रक्तदोषाचे वाक्य गळले, पिलात जुलमी दिसू लागला आणि त्याच्या वाड्यासमोरील गर्दीत येशूच्या बाजूने ओरडणारेही उभे राहिले. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू हिब्रू भाषेत आशीर्वाद म्हणू लागला. २०१० साली तोऱ्हाची गुंडाळी उंचावलेला येशू आणि त्याच्याभोवती हिब्रू प्रार्थना गाणारा समुदाय प्रेक्षकांनी पाहिला. आपला प्रभू यहुदी होता, हे सत्य अखेर त्या मंचावर आले. २०२२ मध्ये यहुदा इस्कार्योताच्या प्रमुख भूमिकेत चेंगिझ ग्योरूर हा गावातच वाढलेला मुस्लिम तरुण होता.

नियम मात्र जुनेच आहेत. भूमिकेसाठी त्या गावात जन्म किंवा वीस वर्षांचे वास्तव्य लागते. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून कलावंत केस व दाढी वाढवतात. सुमारे पाच हजार वस्तीच्या गावातून २०२२ साली अठराशेच्या आसपास लोक नाटकात सहभागी झाले. प्रयोग सुमारे पाच तासांचा, मध्ये जेवणाची सुट्टी. प्रसंगांमधून जुन्या करारातील घटनांची निश्चल उभी ‘जिवंत चित्रे’ दिसतात.

तेव्हा २०३० च्या हंगामात काय पाहावे? आमच्या मते प्रत्येक दशकाला एकच प्रश्न विचारावा: या वेळी जमावात कोण उभे आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी बव्हेरियापर्यंत जावयास हवे असेही नाही. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन होते, तेव्हा जमावाचे शब्द आपल्याच तोंडी येतात. त्याला क्रूसावर द्या, असे त्या दिवशी आपण म्हणतो. आपल्या धर्मग्रामांतही प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेचे सजीव दर्शन घडवले जाते. तेथे याजकांची वेशभूषा ठरवताना, जमावाचे संवाद लिहिताना, आपण दोषाचे बोट कोणाकडे वळवतो हे तरुणांनी एकदा तपासून पाहावे.

ओबरआमरगाऊच्या पूर्वजांनी नाटक करण्याचा शब्द दिला होता. ते खरेपणाने करण्याचे ओझे वंशजांवर आले. ते पेलावयास त्यांना साडेतीनशे वर्षे लागली. २०३४ साली पहिल्या प्रयोगाला चारशे वर्षे पूर्ण होतील. नवस अजून फिटलेला नाही, आणि तो फेडण्याचे काम त्या एका गावाचेच आहे असे आम्ही मानत नाही.