नऊ की पंचेचाळीस?

टेक्सासमध्ये आमचे एक स्नेही वीस वर्षं पेट्रोल पंपावरचं दुकान चालवतात. गेल्या हिवाळ्यात दुकान बंद करायच्या वेळी एकाने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. गल्ल्यातले पैसे गेले, जीव वाचला. त्यानंतर त्यांनी जवळ बाळगायला एक लहान पिस्तूल घ्यायचं ठरवलं आणि बंदुकांच्या दुकानातून गोंधळून परत आले. तिथल्या एका विक्रेत्याने सांगितलं, .३८० घ्या, खिशात मावतं. दुसरा म्हणाला, ९ एमएमशिवाय दुसरं काही बघू नका. तिसरा, पिकल्या दाढीचा, म्हणाला की .४५ सोडून बाकी सगळी खेळणी. रात्री मला फोन आला, "तू इतिहास वाचतोस ना? मग सांग, यातलं खरं कोण बोलतंय?"

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न महाराष्ट्रात कधी पडलेलाच नसतो. तिथे बोअर कायद्यानेच ठरवलेला असतो. ९ एमएम, .३८ हे लष्कर-पोलिसांचे बोअर सामान्य परवानाधारकाला 'प्रतिबंधित'. त्यामुळे परवाना मिळालाच, तर वाट्याला यायचं ते बहुधा कानपूरला तयार झालेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली काडतुसं. अमेरिकेत मात्र निवड तुमची, आणि तिची जबाबदारीही तुमची.

या वादाचं मूळ आहे फिलिपिन्समध्ये. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेने ती बेटं घेतली आणि तिथल्या लोकांशी तिचं युद्ध जुंपलं. दक्षिणेकडचे मोरो लढवय्ये आपल्याच गावांत, आपल्याच जमिनीसाठी लढत होते. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला .३८ चं रिव्हॉल्व्हर असे. चार-पाच गोळ्या लागूनही माणूस पातं उगारून अंगावर येतो, अशा तक्रारी वर जाऊ लागल्या. जवळजवळ याच तक्रारी थोडं आधी ब्रिटिशांनी वायव्य सरहद्दीवरून केल्या होत्या. त्यांनी गोळी मोठी केली नाही, तिचं टोक बदललं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. तिची एवढी बदनामी झाली की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली.

म्हणजे फुलणाऱ्या गोळीची वाट सैन्यांना बंद झाली, आणि उरला एकच उपाय: मुळातच मोठी गोळी. अमेरिकन सैन्याने १९०४ मध्ये जॉन थॉम्प्सन आणि डॉक्टर लुई लागार्ड या दोन अधिकाऱ्यांना शिकागोच्या कत्तलखान्यात पाठवलं. तिथे त्यांनी जिवंत गुरांवर आणि दुसरीकडे मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. प्रयोग लहान होता, निकालही एकसारखे आले नव्हते. पण निष्कर्ष ठाम निघाला की सैन्याच्या पिस्तुलाचा बोअर .४५ पेक्षा कमी नको. त्यातून जॉन ब्राउनिंगचं १९११ चं प्रसिद्ध पिस्तूल आलं. पुढची जवळजवळ पंचाहत्तर वर्षं ते अमेरिकन सैनिकांच्या कमरेला राहिलं. पिकल्या दाढीचा विक्रेता बोलत होता ते या परंपरेतून.

९ एमएमचा जन्म त्याच दशकातला, जर्मनीतला. जॉर्ज लुगर यांनी १९०२ च्या सुमारास हे काडतूस आणलं. .४५ ची गोळी साडेअकरा मिलिमीटर जाड, वजन सुमारे १५ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण २५५ मीटर. ९ एमएमची गोळी तिच्या निम्म्या वजनाची, पण वेग ३५० च्या आसपास. गुणाकार केला तर दोघींची ऊर्जा जवळपास सारखीच येते. एक जड आणि संथ, दुसरी हलकी आणि वेगवान. लहान काडतुसाचा एक फायदा मात्र तेव्हा कोणी फारसा मोजला नव्हता: तेवढ्याच मुठीत ती जास्त मावतात. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्यानेही ९ एमएम स्वीकारलं.

आणि पुढच्याच वर्षी मायामी घडलं. ११ एप्रिल १९८६ रोजी एफबीआयच्या आठ जणांनी बँका लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली. चकमकीत दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले. दरोडेखोर मायकेल प्लॅट याला सुरुवातीलाच ९ एमएमची एक गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली, फुफ्फुस फाडलं आणि हृदयापासून सुमारे एक इंचावर थांबली. जखम जीवघेणी होती, पण तिने तो लगेच थांबला नाही. त्यानंतरही तो रायफल चालवत राहिला.

प्लॅटकडे रायफल होती आणि समोरच्या बहुतेकांकडे पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं, हे कारण लहान नव्हतं. तरी चौकशीत मोठा दोष त्या एका गोळीवर आला. त्यातून एक चांगलं काम झालं. एफबीआयने मोजमाप बसवलं: प्राण्यांच्या स्नायूंसारख्या घट्ट जिलेटिनच्या ठोकळ्यात, कपडे, काच, पत्रा अशा अडथळ्यांतूनही, गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ च्या फार पुढे जाता कामा नये. कमी गेली तर मर्मापर्यंत पोहोचत नाही, जास्त गेली तर मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागते.

मग एफबीआयने १० एमएम निवडलं. त्याचा धक्का अनेकांना पेलेना, म्हणून काडतुसात दारू कमी भरली. तेवढीच ताकद हवी असेल तर काडतूस आखूड का करू नये, या विचारातून १९९० मध्ये .४० आलं आणि अमेरिकेतल्या बहुतेक पोलिसांनी ते उचललं. १९९४ च्या कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली, तेव्हा दुकानदारांना आयता युक्तिवाद मिळाला: दहाच मिळणार, तर मोठ्या घ्या. पुढच्याच वर्षी ग्लॉकने ९ एमएम आणि .४० अशी दोन्ही बोअरची तळहाताएवढी पिस्तुलं आणली. लहान पिस्तुलात मोठी गोळी ही फॅशन तेव्हाची.

पण पिस्तूल जितकं हलकं, तितका धक्का जास्त. एजंट .४० ने हळू आणि कमी अचूक मारत होते. दरम्यान मायामीतल्या गोळीचा दोष बोअरचा कमी आणि घडणीचा जास्त, हे कळून चुकलं होतं. ती लवकर फुलायला बनवली होती, म्हणून लवकर थांबली. कारखान्यांनी गोळ्या सुधारल्या आणि ९ एमएमही त्याच कसोटीला उतरू लागलं. २०१४ मध्ये एफबीआयच्या क्वांटिको इथल्या प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं: ९ एमएमकडे परत चला. अठ्ठावीस वर्षांनी गाडी निघाल्या ठिकाणी आली.

स्नेह्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, .४५ चा आग्रह न फुलणाऱ्या गोळीच्या काळातला आहे. आज नागरिकांना पोकळ टोकाची, म्हणजे डमडमच्या वंशातलीच, गोळी मिळते. मात्र न्यू जर्सीसारख्या राज्यात ती घराबाहेर बाळगण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा कायदा आधी बघायचा. दुसरी, .३८० हे ९ एमएमचंच आखूड भावंड. त्याची गोळी फुलली तर बारा इंच गाठताना दमते, आणि बारा इंच गाठते तेव्हा बहुधा फुललेली नसते. पण ज्याच्या मनगटाला दुसरं काही झेपतच नाही, त्याला तेच बरं. तिसरी आणि सर्वात मोठी, दर वेळी माणसांनी एका भयंकर दिवसाचा राग काडतुसावर काढला. कुठल्याच पिस्तुलाची गोळी माणसाला जागच्या जागी पाडत नाही, ती नेमकी मर्मावर लागल्याशिवाय. ते काम बोअरचं नाही, हाताचं आहे.

पुढच्या शनिवारी ते आणि वहिनी रेंजवर गेले आणि भाड्याने तिन्ही चालवून आले. छोटं .४० पहिल्या गोळीलाच उसळलं, दुसरी कागदाबाहेर गेली. .३८० इतकं इवलंसं होतं की मूठच नीट बसेना. थोडं मोठं ९ एमएम दोघांच्याही हाताला बसलं. तेच घेतलं, आणि घरी नातवंडं येतात म्हणून कुलपाची पेटीही.

मी विचारलं, "त्या रात्री हे जवळ असतं तर?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचं आधीच रोखलेलं होतं. तरीही मी पैसेच दिले असते."