वॉरंटीचा भाऊ गॅरंटी

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला असतात ते गार्ड उत्तर प्रदेशातले. पाहुण्यांची नावं लिहायचं रजिस्टर मागच्या बाजूने उघडलं की त्यांची इंग्रजीची शाळा भरते. हिंदीतून इंग्रजी शिकवणारं एक जाडजूड गाइड त्यांनी कुठूनसं मिळवलंय. त्यात सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या आहेत, त्या ते रोज थोड्या थोड्या उतरवून काढतात. एकदा पहाटे दूध घ्यायला उतरलो तर पान उघडंच होतं. डावीकडे स्पेलिंग, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे हिंदी अर्थ. मधला रकाना बघण्यासारखा होता. फ्लावर, फ्लावर. स्टेशनरी, स्टेशनरी. वाइन, वाइन.

“अंकलजी, बोलना एक ही है, तो अंग्रेज ने दो-दो रखे क्यों?”

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटलेल्या आजोबांपासून आपल्याकडे या जोड्या पाठ करायची रीत आहे, असा प्रश्न विचारायची नाही. उत्तर सोपं आहे. फ्लावरच्या बाबतीत तरी इंग्रजानेही कित्येक शतकं एकच ठेवला होता.

गहू दळायचा, कापडातून चाळायचा. कोंडा वर राहायचा आणि खाली पडायचं ते पांढरंशुभ्र, बोटांना रेशमासारखं लागणारं पीठ. आपण त्याला सपीट म्हणतो, फ्रेंचांनी पिठाचं ‘फूल’ म्हटलं. फूल म्हणजे वेचक भाग. इंग्रजीत हा शब्द गेला तो फुलाचंच स्पेलिंग घेऊन. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने आपला गाजलेला कोश काढला, त्यातही पिठाला स्वतंत्र बिऱ्हाड नाही, फुलाच्याच नोंदीत एक कोपरा दिलेला. पेशवाई बुडाली त्या सुमारास कुठे ही वाटणी पुरी होत आली होती.

आमच्या किराणा यादीत ती अजून झालेली नाही. मंचुरियनला दाटपणा यायला घालतात ते ‘कॉर्नफ्लॉवर’, आणि हे फुलाच्या स्पेलिंगने छापलेलं मेनूकार्डावर मी स्वतः पाहिलंय. जॉन्सनने त्याला नावं ठेवली नसती. शिवाय ज्याचं मंचुरियन करतात तोही फ्लॉवरच! मराठीत नुसतं फ्लॉवर म्हटलं की भाजी. इटालियनमध्ये ती ‘कोबीचं फूल’ होती, इंग्रजीत कॉलिफ्लॉवर झाली, आणि आपण पुढचा कॉलि देठासारखा छाटून टाकला. हा कॉलि लॅटिन ‘काउलिस’चा. काउलिस म्हणजे देठ, आणि कोबीसुद्धा. त्याच काउलिसचं पोर्तुगिजांच्या तोंडी ‘कोव्ह’ झालं आणि त्यांच्याकडून आपल्याला कोबी मिळाला. म्हणजे आपण छाटलेला कॉलि आधीच कोबीच्या रूपाने घरात येऊन बसलेला होता.

स्टेशनरीचं प्रकरण लहान आहे. मध्ययुगात युरोपात गावोगाव हिंडून पुस्तकं विकणारे फेरीवाले असत. विद्यापीठाच्या आसपास ठाण मांडून बसलेला जो विक्रेता, तो स्टेशनर. लंडनच्या स्टेशनरांच्या संघाला 1557 साली राजसनद मिळाली. तेव्हा जागचं न हलणारं ते स्टेशनरी, आणि न हलणाऱ्या दुकानातल्या वह्या-दौती त्याही स्टेशनरी. एकात ए, दुसऱ्यात ई, एवढाच कागदोपत्री फरक. ठाण, स्थान आणि स्टेशन हे तिन्ही मुळात एकाच धातूचे आहेत, त्यामुळे ‘ठाण मांडून’ हे मी मुद्दाम लिहिलं. (आपल्याकडे पाटीवर स्टेशनरीच्या शेजारी ‘कटलरी’ लिहितात आणि आत सुऱ्या-काट्यांऐवजी टिकल्या नि केसांचे चाप मिळतात, ती कुळकथा पुन्हा कधीतरी.)

मला खरी आवडते ती जोडी त्यांच्या रजिस्टरात नव्हती. ती त्यांच्या नव्या मोबाइलच्या डब्यातून निघाली. दुकानदाराने सांगितलं होतं, “गारंटी नहीं है, वारंटी है.” हे वाक्य भारतात मोबाइल, मिक्सर, पंखा असं काहीही घेतलं तरी ऐकू येतं. घेणारा मान डोलावतो. सांगणाऱ्यालाही फरक धड माहीत असतो असं नाही.

हा एकच शब्द इंग्रजीत दोन दारांनी शिरला. जर्मानिक टोळ्यांकडून फ्रान्सच्या भूमीत ‘व’ने सुरू होणारे बरेच शब्द आले. पॅरिसकडच्या बोलीला तो व झेपेना, तिने त्याचा ग केला. उत्तरेला नॉर्मंडीत व टिकला. 1066 साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं, तेव्हा इंग्रजीत आधी व-वाले शब्द घुसले. पॅरिसचा दिमाख वाढला तसे तेच शब्द ग लावून पुन्हा आले. वॉरंटी नॉर्मन, गॅरंटी तिच्यामागून आलेली. वॉर्डन आणि गार्डियन तसेच. खुद्द त्या ड्यूकला इंग्रज विल्यम म्हणतात, फ्रेंच गियोम म्हणतात.

हे मराठी माणसाला अवघड जाऊ नये. व्याघ्राचा आपण वाघ केला, हिंदीने बाघ. विंचू आणि बिच्छू, वीस आणि बीस. समजा, मराठीने दोन्ही रूपं ठेवून घेतली असती आणि ठरवलं असतं की वाघ पट्ट्यांचा नि बाघ ठिपक्यांचा, तर लखनौहून मराठी शिकायला आलेल्या माणसाची जी त्रेधा उडाली असती, तीच आपली वॉरंटी-गॅरंटीपाशी उडते. आणि शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याला आपण बेधडक ‘गुरिल्ला वॉर’ म्हणतो, त्यात तर दोन्ही भाऊ शेजारी शेजारी बसलेत. स्पॅनिशमध्ये युद्धाला ‘गेर्रा’, त्याचं लहानखुरं रूप गुरिल्ला. आणि वॉर हा नॉर्मन व राखून आलेला तोच शब्द. छोटं युद्ध-युद्ध!

वाइनची जोडी याच वळणाची, फक्त मध्ये काही शतकं जास्त गेलेली. रोमन लोक द्राक्षाची दारू आणि तिचा वेल या शब्दांतला पहिला वर्ण ओठ गोल करून म्हणत. त्या काळात दारूचा शब्द उत्तरेकडे पोहोचला, तो तसाच राहिला. पुढे लॅटिनच्या लेकींमध्ये त्या वर्णाचा उच्चार ओठाला दात टेकवून होऊ लागला, आणि वेलाचा शब्द त्या रूपात फ्रेंचमार्गे आला. इंग्रज हे दोन व काटेकोर वेगळे म्हणतो. हिंदीत आणि मराठीत व एकच, त्यामुळे नाशिकच्या मळ्यातला वेल आणि बाटलीतला माल, दोन्ही आपल्या तोंडी वाइन. आपण दोन हजार वर्षांपूर्वीची भाऊबंदकी मिटवतो, आणि परीक्षक गुण कापतो.

गेल्या महिन्यात ते गार्ड एक फॉर्म घेऊन आले. गावाकडचा एकजण रिक्षासाठी कर्ज काढत होता. त्याच्या नावापुढे छापलं होतं ‘बॉरोअर’, आणि यांच्या सहीची जागा होती ‘गॅरेंटर’पुढे. बॉरो आणि लेंड हीसुद्धा गाइडातली जुनी डोकेदुखी. हिंदीत उधार लेना, उधार देना, आपल्याकडे उसने घेणे, उसने देणे. वस्तू तीच, फक्त हात बदलतात. इंग्रजीत त्याला दोन वेगळी क्रियापदं, म्हणून ‘मला पेन बॉरो करा’ असं तोंडातून निसटतं. यातला बॉरो जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ग’वरून आला. बोर्ग म्हणजे तारण, जामीन. फॉर्मवरच्या त्या दोन्ही शब्दांच्या पोटात जामीनच होता.

मी त्यांना कायद्यातला फरक सांगितला. 1930 च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे विक्रीच्या करारातली दुय्यम अट: ती मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. 1872 च्या करार कायद्यातली गॅरंटी निराळी, तिथे तिसरा माणूस लागतो. कर्ज घेणाऱ्याने हप्ते थकवले तर मी भरीन, असं म्हणणारा तिसरा. पतपेढीच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही हा माणूस ठाऊक असतो.

“मतलब जमानत,” ते म्हणाले.

आपला जामीन आणि त्यांची जमानत, दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या घरातले. मी ते सांगितलं नाही. ते फॉर्मकडे बघत होते.

सही केली की नाही ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर नेहमीसारखं मागून उघडं होतं. नव्या दोन ओळी पडल्या होत्या आणि मधल्या रकान्यातले उच्चार या खेपेला वेगळे होते. उजवीकडे अर्थाच्या जागी लिहिलं होतं:

वारंटी: दुकानदार.
गारंटी: हम.