चवई : हिवाळ्यात निजणारी रानकेळ

चवई ही सह्याद्रीच्या डोंगरकड्यांवर उगवणारी रानकेळ होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या डोंगराळ भागात, तसेच माळशेज घाटाच्या परिसरात पावसाळ्यात ती कातळाच्या खाचांतून डोकावताना दिसते. कवदर, चवेणी अशीही तिची नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात तिला ‘एन्सेटे सुपर्बम’ म्हणतात. यातील दुसऱ्या शब्दाचा लॅटिनमधील अर्थ ‘भव्य’ असा आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचे वर्णन नेहमीच्या केळीच्या प्रजातीत केले होते. पुढे १९४० च्या दशकात ई. ई. चीझमन यांनी एन्सेटे ही स्वतंत्र प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली आणि चवईचा समावेश तिच्यात झाला.

परसातील केळ आणि चवई यांत एक मूलभूत भेद आहे. केळीच्या गड्ड्यातून मुनवे फुटतात. आई गेली तरी लेकी उभ्या राहतात. चवईला मुनवे येत नाहीत. काही वर्षे वाढल्यावर ती एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिच्या फळांत गर थोडा आणि काळ्या, टणक बिया भरपूर असतात. या बियांवाचून तिच्या वंशवृद्धीचा दुसरा मार्ग नाही.

निद्रेचे कारण

पाऊस सरला की चवईची पाने पिवळी पडू लागतात. हिवाळ्यात ती वाळून गळतात आणि कड्यावर केवळ बुंध्याशी फुगलेला गड्डा उरतो. त्यावर गळलेल्या पानांचे वण दिसतात. या निद्रेचे कारण थंडी नसून पाण्याचा अभाव हे आहे. कातळावर माती थोडी. पावसाळ्यानंतर तिथे ओल टिकत नाही. केळीच्या रुंद पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते. म्हणून चवई पानांचा संसार आवरते, गड्ड्यात अन्न व पाणी साठवते आणि जूनच्या पावसाची वाट पाहते.

केळीचे जे खोड दिसते, ते एकमेकांवर गुंडाळलेल्या सोपटांचे बनलेले असते. वाढीचा खरा कोंब फुलोऱ्याची वेळ येईपर्यंत जमिनीलगत गड्ड्याच्या माथ्यावर असतो. तो जिवंत असेल, तर वरचे सर्व वाळूनही झाड पुन्हा उभे राहते.

थंड देशांतील युक्ती

इंग्लंडमधील बागाईतदार शोभेच्या केळी हिमकाळातून वाचवतात, ते याच तत्त्वावर. तिथे शत्रू हिम आहे. जपानी केळ म्हणून प्रसिद्ध असलेली ‘मुसा बासजू’ ही मूळची चीनची. तिच्या नावावरूनच हायकूकार बाशो यांनी आपले टोपणनाव घेतले. पहिल्या हिमाने तिची पाने काळवंडली की ती छाटतात, खोडाभोवती जाळी उभारून तिच्यात पेंढा भरतात आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून वर झाकण घालतात. खोड गोठले तरी जमिनीखालच्या गड्ड्यातून मुनवे येतात.

चवईची आफ्रिकी बहीण ‘एन्सेटे व्हेंट्रिकोसम’ हिला ही सवलत नाही. इथिओपियात तिचा गड्डा व सोपटांतील गर आंबवून भाकरी करतात. थंड देशांत मात्र ती लाल पानांच्या शोभेसाठी लावतात. मुनवे नसल्याने कोंब गोठला की सारे संपले. म्हणून तिला हिमापूर्वी उपटतात, पाने छाटतात, सोपटांतील पाणी निथळावे म्हणून काही दिवस उलटी ठेवतात आणि नंतर हिम न पोहोचणाऱ्या कोरड्या खोलीत वसंतापर्यंत जपतात. निजलेल्या गड्ड्याला थंडीइतकाच धोका ओलीने येणाऱ्या कुजीचा असतो.

ठाणे-डोंबिवलीच्या गच्चीत

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे हिम पडत नाही. त्यामुळे पेंढ्याची वा उपटण्याची गरज नाही. कुजीची भीती मात्र येथेही आहे. कुंडीतील चवईची पाने वाळलेली पाहून झाड मेले असे समजले जाते. मग ते फेकून तरी देतात किंवा ‘जगवण्यासाठी’ रोज पाणी तरी घालतात. दोन्हींचा परिणाम एकच.

पाने पिवळी पडू लागताच पाणी हळूहळू कमी करावे व ती पूर्ण वाळल्यावर थांबवावे. कुंडी अवकाळी पावसापासून आडोशाला ठेवावी. गड्डा दाबून पाहावा : घट्ट असेल तर झाड जिवंत आहे, मऊ पडून दुर्गंधी येत असेल तर कूज लागली आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांचा गड्डा लहान असल्याने त्यांना अधूनमधून थोडा शिडकावा द्यावा. नवा कोंब दिसू लागला की पुन्हा नियमित पाणी सुरू करावे.

हा नियम परसातील खाण्याच्या केळीला किंवा गुलाबी फळांच्या शोभेच्या ‘मुसा व्हेलुटिना’ला लागू नाही. थंडीत त्यांची वाढ मंदावते, पण त्या निजत नाहीत. त्यांचे पाणी तोडू नये.

रानातील गड्डा रानातच

चवई हवी असल्यास रोपवाटिकेतून रोप किंवा बी आणावे. बी टणक असल्याने ते भिजवून पेरावे. उगवण्यास काही महिनेही लागू शकतात. डोंगरावरून गड्डा खणून आणणे मात्र सर्वस्वी टाळावे. तिचे केळफूल भाजीसाठी तोडण्याची रीत जुनी आहे. परंतु प्रत्येक झाडाला आयुष्यात एकच फुलोरा येतो. एका कड्यावरची सगळी केळफुले तोडली, तर त्या वर्षी तिथे बी पडत नाही. आणि न फुललेला गड्डा उपटला, तर मागे काहीच उरत नाही. हिवाळ्यात उघड्या कातळावर दिसणारा तो वाळका खुंट मेलेला नसतो, हे डोंगर चढणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.